मैदान राखणाऱ्याची बाजू

सामना सुरू झाला की आपले डोळे चेंडूमागे धावतात. चेंडू ज्या भूमीवरून धावतो तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. आणि पहाटे उठून ती भूमी ज्याने सारखी केली, त्याच्याकडे तर कोणीच पाहत नाही. खेळपट्टी बिघडली म्हणजे मात्र पहिला बोल त्यालाच लागतो. आज मी बोलणार आहे तो या मैदान राखणाऱ्या माणसाविषयी आणि कायद्याशी त्याचा जो संबंध येतो त्याविषयी. पाण्याची टंचाई असताना मैदानाला पाणी द्यावे की नाही, हे कोणी ठरवावे? आणि ते ठरवण्यापूर्वी मैदान राखणाऱ्याला विचारावे की नाही?

हा प्रश्न कल्पनेतला नव्हे. २०१६ च्या उन्हाळ्यात मराठवाडा दुष्काळाने होरपळत होता. १२ एप्रिल रोजी मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली आगगाडी सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोहोचली. त्याच सुमारास महाराष्ट्रात आयपीएलचे क्रिकेट सामने भरत होते. या सामन्यांच्या मैदानांना सुमारे साठ लाख लिटर पाणी लागेल, असा अंदाज मुंबई उच्च न्यायालयापुढे एका लोकहितयाचिकेत मांडला गेला. संघटनांनी प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरण्याची तयारी दाखवली. तथापि १३ एप्रिल रोजी न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर नेण्याचा आदेश दिला. पुढे १ मे रोजीचा पुण्यातील सामना तेवढा अपवाद म्हणून होऊ दिला. अंतिम सामना मुंबईऐवजी बंगळुरात झाला.

या आदेशाबद्दल दुमत असू शकेल. परंतु तहानेल्या माणसाचा हक्क हिरवळीच्या आधी, याविषयी दुमत असू नये. मला लक्ष वेधायचे आहे ते निराळ्या गोष्टीकडे. सांडपाणी वापरण्याचा मार्ग पुढे आला तो कज्जा उभा राहिल्यानंतर. तो आदल्या हिवाळ्यातच सांगितला गेला असता, तर लोकांना तो सबबीसारखा न वाटता योजनेसारखा वाटला असता.

आता मैदानाला पाणी लागते तरी किती आणि कशासाठी, ते पाहू. खेळपट्टी म्हणजे बावीस यार्डांचा चिकणमातीचा पट्टा. ती भिजवावी लागते, कारण ओल असल्याखेरीज मातीचे कण रोलरखाली एकमेकांना घट्ट धरत नाहीत. मग गवताची मुळे ती ओल हळूहळू शोषून घेतात आणि पृष्ठभाग कठीण होतो. पाणीच दिले नाही तर माती भुसभुशीत राहते, चेंडू मनमानी उसळतो आणि फलंदाजाच्या तोंडावर येतो. पण ही पट्टी लहान असते. तिला लागणारे पाणीही थोडेच. खरा खर्च असतो तो भोवतालच्या हिरवळीचा. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी पसरायचे म्हणजे दहा हजार लिटर लागतात. मोठे क्रिकेट मैदान सुमारे दीड हेक्टरचे धरले आणि त्यावर पाच मिलिमीटर पाणी दिले, तर एका वेळेस पंचाहत्तर हजार लिटर झाले. हा हिशेब मैदान राखणारा जाणतो. ज्याला तो ठाऊक नाही, तो एक तर सर्व पाणी बंद करील किंवा सर्व चालू ठेवील. हिरवळ पिवळी पडू द्यावी आणि खेळपट्टी तेवढी जगवावी, हा मधला मार्ग त्याला सुचणार नाही.

बुऱ्हाणपुरात बसून याचा विचार करताना कुंडी भंडाऱ्याची आठवण होते. सुमारे १६१५ साली, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, सातपुड्याच्या उतारावरून मुरणारे पाणी भूमिगत बोगद्यांनी आणि शंभराहून अधिक कुंड्यांनी शहरात आणले गेले. ज्या शहराने थेंबाचा असा मान राखला, त्या शहरात मैदानाच्या पाण्याचा प्रश्नही जपूनच हाताळावयास हवा. तापीच्या खोऱ्यातील काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. त्या भेगांत धावत्या मुलाचा पाय अडकला तर मुरगळायचाच. म्हणजे येथील मैदानाचा प्रश्न हौसेचा नाही, हातापायांच्या सुरक्षिततेचा आहे.

यासंबंधी कायदा काय म्हणतो? आपल्या राज्यघटनेत खेळ आणि पाणी हे दोन्ही विषय राज्यांच्या सूचीत आहेत. मध्य प्रदेशात १९८६ चा पेयजल परिरक्षण अधिनियम आहे. त्याखाली जिल्हाधिकारी एखादा प्रदेश जलअभावग्रस्त म्हणून जाहीर करू शकतात. मग घरगुती वापराखेरीज अन्य कामासाठी पाणी घ्यावयाचे तर परवानगी लागते. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत उद्याने व क्रीडांगणे ही नगरसंस्थांच्या कामांत गणली आहेत, आणि पाणीपुरवठाही त्याच यादीत आहे. तात्पर्य, आपली बाजू सांगण्यासाठी दिल्ली गाठण्याचे कारण नाही. महानगरपालिका आणि जिल्हा कचेरी हे दोन उंबरठे पुरेत.

वेळेवर मागितले म्हणजे काय होते, याचे उदाहरण बंगळूरचे. २०२४ च्या मार्चमध्ये त्या शहरावर पाण्याचे मोठे संकट होते. तेथील क्रिकेट संघटनेने पाणीपुरवठा मंडळाकडे प्रक्रिया केलेले पाणी मागितले, आणि मंडळाने कब्बन पार्कमधील केंद्रातून रोज सुमारे पंचाहत्तर हजार लिटर देण्याचे मान्य केले. पिण्याच्या पाण्याला हात न लावता सामने पार पडले. अमेरिकेत तर मैदान राखणाऱ्यांची स्वतःची संघटना १९८१ पासून आहे. पाणी व औषधफवारणी यांविषयीचे नियम ठरत असताना ती लोकप्रतिनिधींपुढे आपला अनुभव मांडते.

आपल्याकडे एवढा पसारा नसला तरी चालेल. शाळेचा क्रीडाशिक्षक, क्लबचा चिटणीस आणि मैदानाचा माळी यांनी एकत्र बसून तीन गोष्टी कराव्यात. पहिली, मैदानावर रोज किती पाणी खर्च होते त्याची वही ठेवावी. दुसरी, टंचाईत काय वाळू द्यायचे आणि काय जगवायचे हे आधीच लिहून ठेवावे. तिसरी, होळीपूर्वीच तो कागद नगरसेवकाच्या व जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती द्यावा आणि प्रक्रिया केलेल्या पाण्याची मागणी करावी.

माळ्याने राजकारणात का पडावे, असे कोणी विचारील. त्याने पक्षात पडू नये, हे खरे. परंतु ज्याला मातीची नाडी कळते त्याने गप्प बसावे आणि ज्याला ती कळत नाही त्याने नियम करावेत, यात ना पाण्याचे हित आहे ना खेळाचे. नियम कडक असावा. पण तो करण्यापूर्वी त्या वहीचे एक पान तरी वाचलेले असावे.