काट्यावरचा आकडा सांगावा कसा?

दवाखान्यातील काट्यावर उभे राहिलात की आकडा क्षणात मिळतो. (खरे तर ते वस्तुमान, पण तो वाद वर्गात घालू!) तो आकडा बोलून कसा दाखवायचा, हे मात्र डॉक्टरांनाही शिकावे लागते.

बेल्जियमच्या केटले यांनी १८३२ साली दाखवले की, प्रौढांचे वजन साधारणतः उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून किलोग्रॅमना मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागतात. वाढत्या वयात हा भागाकार बदलत जातो. तेव्हा तो तुमच्याच वयाच्या मुलांच्या किंवा मुलींच्या आलेखावर पाहावा लागतो. हे न समजावता नुसते ‘फार सुटला आहेस’ म्हटले, तर कोणी उपाशी राहू लागते, कोणी दवाखानाच टाळते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१७ मध्ये सुचवले, की ‘लठ्ठ’ न म्हणता ‘वजन’ हा साधा शब्द वापरावा.

पण सराव कोणावर करायचा? १९६३ साली लॉस एंजेलिसमध्ये हॉवर्ड बॅरोज या मज्जाविकारतज्ज्ञाने निरोगी व्यक्तीला रुग्णाची भूमिका शिकवली. तीच युक्ती येथे कामी येते. नट पंधरा वर्षांचा मुलगा होतो, डॉक्टर त्याच्याशी बोलतात आणि शेवटी ‘रुग्ण’च चूक दाखवतो : “वजन माझे होते, पण तुम्ही सारे प्रश्न आईलाच विचारलेत.”