आमटी अळणी, कीं जीभ आजारी?

घरांतील वडील माणसानें पानावर बसून "आज आमटी अळणी झाली" असें म्हटलें, म्हणजे सुनेनें निमूटपणें मीठ वाढावें, ही आपल्याकडील रीत. पण तीच तक्रार रोज होऊं लागली आणि बाकीच्या पंक्तीस मात्र आमटी बरोबर लागत असली, तर दोष चुलीकडे नसून जिभेकडे आहे, हें ओळखावयास हवें. त्याच सुमारास केस मूठमूठ गळूं लागले, नखें पातळ होऊन सुटूं लागलीं, हातांवर काळसर डाग उठले व शौचास वारंवार पातळ होऊं लागलें, तरी आपण एकेका गोष्टीची निराळी समजूत घालतों : केस वयानें गेले, डाग उन्हानें पडले, पोट दुधानें बिघडलें. आम्हीही साठी ओलांडलेलेच आहों. 'वय झालें' या दोन शब्दांखालीं किती दुखणीं दडपलीं जातात, तें आम्हांस ठाऊक आहे.

हीं सारीं चिन्हें एकाच रोगाचीं असूं शकतात, हें लिओनार्ड क्रॉंकाइट व विल्मा कॅनडा या अमेरिकन डॉक्टरांनीं १९५५ सालीं दोन स्त्रियांच्या दुखण्याची हकीकत प्रसिद्ध करून दाखविलें. त्यावरून 'क्रॉंकाइट-कॅनडा सिंड्रोम' हें नांव पडलें. यांतील कॅनडा हें देशाचें नांव नव्हे, आडनांव आहे. सिंड्रोम हा शब्द मूळचा ग्रीक. त्याचा अर्थ 'एकत्र धावणें'. आपण त्यास लक्षणसमुच्चय म्हणूं. रोग अत्यंत विरळ आहे. नोंदलेले बहुसंख्य रोगी जपानांतील असून, बहुतेकांस तो पन्नाशीनंतर जडलेला आहे. तो आनुवंशिक असल्याचें आढळलेलें नाहीं. तेव्हां मुलाबाळांनीं धास्ती घेण्याचें कारण नाहीं.

या रोगांत जठर व आंतडीं यांच्या अस्तरास सूज येऊन त्यावर असंख्य मांसांकुर उठतात. डॉक्टर त्यांस पॉलिप म्हणतात. सुजलेल्या अस्तरांतून शरीराचीं प्रथिनें पाझरून जातात. म्हणून वजन झपाट्यानें उतरतें आणि पाय सुजतात. अशा रोग्यास 'पोटास विश्रांति' म्हणून लंघन घडविणें म्हणजे गळक्या घागरीचें पाणी तोडण्यासारखेंच होय.

निदान केवळ रक्त तपासून होत नाहीं. दुर्बिणीनें जठर व मोठें आंतडें पाहून अस्तराचे बारीक तुकडे काढावे लागतात. आनुवंशिक पॉलिपांच्या रोगांत दोन अंकुरांमधील अस्तर बहुधा निरोगी असतें. येथें तेंही सुजलेलें असतें. म्हणून अंकुराचा व मधल्या सपाट जागेचा, असे दोन्ही ठिकाणचे तुकडे तपासतात. त्यासच केस, नखें व जीभ यांच्या साक्षीची जोड मिळाली म्हणजे निदान ठरतें.

पूर्वीं हा रोग बहुधा प्राणघातक ठरे. आतां प्रेडनिसोलोन या स्टिरॉइड औषधानें पुष्कळांस गुण येतो. कांहींना पुढें अझाथायोप्रिन द्यावें लागतें. बरोबर प्रथिनयुक्त पोषण हवेंच. जुलाब थांबतात, चव परत येते, केस व नखें नव्यानें उगवतात. अंकुर ओसरण्यास मात्र कित्येक महिने लागतात. बरें वाटलें म्हणून औषध एकाएकीं सोडूं नये. मात्रा डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणें हळूहळू उतरवावी. रोग उलटण्याचें व आंतड्यांत कर्करोग होण्याचें भय असल्यानें दुर्बिणीची तपासणी पुढेंही ठराविक मुदतीनें चालू ठेवावी लागते.

एकाच चिन्हानें कोणीं घाबरूं नये. चव जाण्याचीं व केस गळण्याचीं साधीं कारणेंच अधिक. परंतु तीं जुलाबांसह एकत्र धावूं लागलीं, तर एका कागदावर लिहून डॉक्टरांपुढें ठेवावीं. वडील माणसें सुनामुलांसमोर शौचाची गोष्ट काढण्यास लाजतात. ती लाज येथें महाग पडते. आणि निदान होईपर्यंत सुनेच्या हाताला बोल लावूं नये, एवढें तरी आम्हां वृद्धांच्या हातीं आहे.