समर्पण म्हणजे हात वर करणं नव्हे

मागच्या वेळी व्याख्यान संपवून आम्ही निघालो, तेव्हा इथेच हुडकेश्वरला एका बाईंनी आम्हाला दारात थांबवलं. त्यांच्या घरात बरेच दिवस आजारपण आहे. म्हणाल्या, "सर, प्रार्थनेला येणारे सगळे सांगतात, देवाच्या इच्छेवर सोडा. म्हणजे करायचं काय? औषध बंद करायचं?" आम्ही चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, पण उभ्या उभ्या उत्तर देता आलं नाही. आज ते उत्तर शोधू.

आधी शब्द बघू. ख्रिस्ती परंपरेत समर्पण म्हणजे देवासाठी वेगळं काढून ठेवणं. घरात तांबे पाच असतात, त्यातला एक देवघरात जातो. धातू तोच, घडण तीच. फरक एवढाच की आता तो कशासाठी आहे हे ठरलेलं आहे. हिब्रू भाषेत 'पवित्र' या शब्दात 'वेगळा काढलेला' हाच अर्थ सांगितला जातो. पण त्याहून बोलका एक वाक्प्रचार त्या भाषेत आहे. याजकाला दीक्षा देण्याला ते 'हात भरणे' म्हणतात. लेवीय या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात मोशे अहरोनाला आणि त्याच्या मुलांना दीक्षा देतो, तेव्हा अर्पणाच्या वस्तू त्यांच्या हातांवर ठेवतो. त्याआधी यज्ञाचं रक्त त्यांच्या उजव्या कानाला, उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला लावतो. कान ऐकण्यासाठी, हात कामासाठी, पाय चालण्यासाठी, असा आम्ही त्याचा अर्थ घेतो.

आता बघा, मराठीत हात वर करणं म्हणजे जबाबदारी झटकणं. आपण पुष्कळदा त्यालाच समर्पण समजतो. मूळ कल्पना नेमकी उलट आहे. समर्पित माणसाचे हात रिकामे होत नाहीत, त्यांच्यावर काम येतं.

मग 'तुझी इच्छा पूर्ण होवो' याचा अर्थ काय? गेथशेमाने बागेतला प्रसंग आठवा. येशू आधी स्वतःची इच्छा स्पष्ट सांगतो. हा प्याला टळावा, असं त्याला वाटतं. मत्तयाच्या वृत्तांतात तो तीनदा प्रार्थना करतो. म्हणजे त्याला इच्छा आहे, भीती आहे, आणि तो ती लपवत नाही. त्यानंतर तो पित्याची इच्छा स्वतःच्या इच्छेच्या वर ठेवतो. ज्याला इच्छाच उरली नाही, तो अर्पण काय करणार?

इथे तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी हात वर करील, प्रश्न विचारायला. कांट म्हणतो, नीतीचा नियम माणसाच्या स्वतःच्या विवेकातून यायला हवा, बाहेरच्या हुकमातून नव्हे. मग शरण जाणं म्हणजे विवेक गहाण टाकणं नाही का? आक्षेप खरा आहे. त्याचं उत्तर पोथीपेक्षा आपल्या मराठी माणसांच्या आयुष्यात चांगलं सापडतं.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडात झाला. पण तिथल्या धर्मभगिनींनी आणि धर्मगुरूंनी आज्ञापालनाची अपेक्षा धरली, तेव्हा रमाबाईंनी पत्रांतून सरळ वाद घातला. इथल्या पुरोहितांचं जू उतरवलं ते दुसऱ्या पुरोहितांचं घेण्यासाठी नाही, अशी त्यांची भूमिका होती. याच रमाबाईंनी पुढे 1907 साली आपली साक्ष लिहिली. धर्म आधी मिळाला, ख्रिस्त नंतर भेटला, असा तिचा भाव आहे. म्हणजे पूर्ण शरणागती आणि ताठ कणा एकाच बाईत होते. आणि हात? 1896-97 च्या दुष्काळात त्या आपल्या या मध्य प्रांतात आल्या आणि शेकडो निराधार मुलींना घेऊन गेल्या. यातून पहिली कसोटी मिळते. देवाला शरण जाणं वेगळं, आणि देवाच्या नावानं बोलणाऱ्याला शरण जाणं वेगळं.

दुसरं उदाहरण अवघड आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक काही काळ नागपुरात होते. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशानं त्यांना नवा करार दिला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. 1895 साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना ते नंतर कळलं. पुढची काही वर्षं त्या माउलीनं जे सोसलं, ते 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना ठाऊक आहे.

टिळकांचं समर्पण खरं होतं, यात आम्हाला शंका नाही. 1917 साली त्यांनी मिशनची पगारी नोकरीही सोडली. पण 1895 चा निर्णय आणि हा निर्णय यांत फरक आहे. पगार त्यांचा होता. पत्नीचं सुख एकट्या त्यांचं नव्हतं. ही दुसरी कसोटी, आपलं असेल तेच अर्पण करता येतं. लक्ष्मीबाईही पुढे ख्रिस्ती झाल्या, पण आपल्या वेळी, स्वतः विचार करून. त्यांचं समर्पण त्यांनाच करावं लागलं. नवऱ्याला ते परस्पर करता आलं नाही.

आता दारातल्या बाईंकडे येऊ. बाई, औषध बंद करू नका. 'सोडून द्या' सांगणारे देवाच्या जागी नाहीत, ही पहिली कसोटी. आणि आजारी माणसाचा जीव तुमच्या मालकीचा नाही की तुम्ही तो परस्पर वाहून टाकावा, ही दुसरी. तुमचं जे आहे ते द्या. रात्रीचं जागरण द्या, डॉक्टरकडच्या खेपा द्या, आणि सर्वात शेवटी, 'मी म्हणते तसंच झालं पाहिजे' हा हट्ट द्या. तो सोडणं सर्वात कठीण. एकदा सोडून भागत नाही, रोज सकाळी पुन्हा सोडावा लागतो.

बरं व्हावं, ही इच्छा मात्र ठेवा. गेथशेमानेतही ती होतीच.