मसल-कार का ओसरल्या?

मध्यम आकाराच्या मोटारीत भले थोरले आठ-सिलिंडरी इंजिन बसवले की अमेरिकेत तिला ‘मसल-कार’ म्हणत. १९६४ साली आलेली पॉन्टियॅक जीटीओ ही त्यांतली गाजलेली, इंजिन ६.४ लिटरचे! १९६६ च्या मॉडेलचा खप सुमारे ९७ हजार होता. १९७३ च्या मॉडेलचा पाच हजारही झाला नाही. याचे खापर सहसा अरब देशांच्या तेलबंदीवर फोडले जाते. पण ती आली ऑक्टोबर १९७३ मध्ये, म्हणजे विक्री ढासळल्यानंतर. तेव्हा कारण आधीचे शोधायला हवे.

आपण इंजिनात डोकावू. पेट्रोल-हवेचे मिश्रण जितके अधिक दाबावे, तितके ते पेटल्यावर काम अधिक मिळते. मात्र दाबलेला वायू तापतो. सायकलचा पंप हाताला गरम लागतो, तसाच. फार दाबले तर ज्योत पोचण्याआधीच मिश्रणाचा काही भाग पेट घेतो आणि इंजिन ठोके देऊ लागते. हे टळावे म्हणून पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घालत.

१९७० च्या कायद्याने धुरातील मुख्य प्रदूषके ९० टक्क्यांनी घटवायला सांगितले. त्यासाठी उत्प्रेरक हवा. पण त्यातील प्लॅटिनम शिशाने निकामी होते. बिनशिशाच्या पेट्रोलची तयारी म्हणून जनरल मोटर्सने १९७१ च्या मॉडेलांत दाबाचे गुणोत्तर उतरवले. जीटीओत ते साडेदहाच्या आसपास होते, ते साडेआठच्या खाली आले. शक्ती घटली, तरुण ग्राहकाच्या विम्याचा जबर हप्ता मात्र राहिला. ताकदीवरच विकल्या जाणाऱ्या गाडीला हा घाव तेलबंदीहून खोल लागला, असे आम्हाला वाटते.

शिसे मुलांच्या मेंदूला घातक. १९७० च्या दशकाची अखेर ते १९९० चा सुमार, एवढ्या काळात अमेरिकी लोकांच्या रक्तातील शिशाची सरासरी पाऊण हिश्श्याहून अधिक उतरली. त्यात बिनशिशाच्या पेट्रोलचा वाटा मोठा होता.