द्वादशीची कडू पाहुणी

आषाढी एकादशीचा उपवास द्वादशीला सोडायचा, तर अनेक मराठी घरांत पानावर वाघाट्याची भाजी हवीच. बोरिवली-मुलुंडकडच्या बाजारात त्या सुमारास लिंबाएवढ्या हिरव्या, टणक फळांचे छोटे वाटे दिसतात. काही जण त्यांना गोविंदफळ म्हणतात. फळे चिरून बिया काढायच्या, फोडी मिठाच्या पाण्यात ठेवायच्या, मग गूळ-खोबरे घालून परतायच्या. एवढे करूनही भाजी कडू ती कडूच! मुले नाक मुरडतात आणि आजी म्हणते, ‘‘एक घास तरी खा.’’

फळ ओळखीचे, पण ते येते ती वाघाटी किती जणांनी पाहिली असेल? शास्त्रीय नाव कॅपॅरिस झेलॅनिका. लिनियसने ते १७६२ मध्ये दिले. पानगळीच्या रानातले हे वेलीसारखे चढणारे झुडूप. पानाच्या बुडाशी वाघनखांसारखे वाकडे काटे, जोडीने. हे काटे शेजारच्या फांदीत अडकवतच वाघाटी वर चढते. उन्हाळ्याच्या तोंडावर, आसपासची झाडे उघडी पडत असताना ती फुलते. लांबलचक केसरांची पांढरी फुले पुढे गुलाबी, मग जांभळट होतात, त्यामुळे एकाच फांदीवर दोन-तीन रंग नांदतात.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, येऊरच्या बाजूलाही ती आहे. तिथे मात्र ती फक्त पाहायची. १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे उद्यानातले फळ तोडता येत नाही, आणि ते योग्यच आहे. बाजारातली वाघाटी यायची ती बाहेरच्या टेकड्यांवरून, बांधांवरून. उपनगरांत नेमकी हीच जागा आक्रसत चालली आहे. संकुल उभे राहिले की काटेरी झुडपे आधी उपटली जातात आणि जागोजागी तेच ते डुरांटाचे कापीव कुंपण येते. वाघाटीच्या पानांवर पायोनियर, ग्रेट ऑरेंज टिप अशा फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. झुडूप गेले की त्यांचेही पान उठते.

फळे खुडल्याने वेल मरत नाही. पण सगळीच हिरवी उतरवली, तर नवी रोपे कुठून येणार? भाजीसाठी फोडलेल्या फळातल्या बिया बहुधा कोवळ्याच असतात. रुजणारे बी हवे, तर काही फळे द्वादशी उलटल्यावरही, लाल होईपर्यंत वेलीवरच राहू द्यावी लागतात.