मृत्यूनंतरचे टपाल

बर्ट्रंड रसेल पहिल्यांदा वारले ते १९२१ साली, पेकिंगमध्ये. व्याख्यानांसाठी चीनला गेले असताना न्यूमोनियाने त्यांना गाठले आणि बरेच दिवस ते जगतात की जातात अशी अवस्था होती. जपानी वार्ताहरांना मुलाखत हवी होती, ती मिळेना, तेव्हा त्यांनी रसेल गेल्याचीच बातमी देऊन टाकली. बघता बघता ती इंग्लंडपर्यंत पोहोचली. बरे झाल्यावर रसेल यांनी स्वतःवरचे मृत्युलेख चवीने वाचले. एका मिशनरी पत्राने एकाच वाक्यात, बातमी ऐकून आम्हाला हायसे वाटले तर माफ करा, अशा अर्थाचे लिहिले होते. परतीच्या वाटेवर जपानमध्ये तेच वार्ताहर पुन्हा दारात आले. तेव्हा रसेल यांची सहचारिणी डोरा ब्लॅक यांनी त्यांच्या हातात टंकलिखित चिठ्ठ्या ठेवल्या. मजकूर साधारण असा: जपानी वृत्तपत्रांनुसार रसेल मरण पावलेले असल्यामुळे ते मुलाखत देऊ शकत नाहीत.

दुसरा मृत्यू त्यांनी स्वतःच घडवून आणला. १९३०च्या दशकात ‘लिसनर’मध्ये त्यांनी स्वतःचा मृत्युलेख लिहिला. तो जणू १ जून १९६२च्या ‘टाइम्स’मध्ये छापून आला आहे, अशी त्याची बतावणी होती. नव्वदीत, गेलेल्या युगाचा शेवटचा अवशेष म्हणून मरणारा एक विक्षिप्त म्हातारा, असे स्वतःचे चित्र त्यांनी रंगवले. भविष्य चुकले. त्या साली रसेल जिवंत होते आणि त्यांचे टपाल कधी नव्हे इतके वाढले होते.

खरा मृत्यू झाला २ फेब्रुवारी १९७० रोजी, वेल्समधल्या पेन्रिनड्यूड्रेथ गावाजवळच्या प्लास पेन्रिन या घरी. निमित्त फ्लूचे, वय ९७. कॉल्विन बे इथे दहन झाले. प्रार्थना नाही, भाषण नाही, मोजकी माणसे. राख वेल्सच्या डोंगरांवर विखुरली. सार्वजनिक म्हणावे असे काही घडलेच नाही, आणि माणूस तर असा की अर्ध्या जगाशी त्याचे भांडण किंवा मैत्र. मग लोकांनी काय करायचे? त्यांनी पत्रे लिहिली, तारा केल्या, रसेल यांच्या चौथ्या पत्नी एडिथ यांच्या नावाने. ही दुखवट्याची पत्रे आज कॅनडातल्या हॅमिल्टन शहरी, मॅकमास्टर विद्यापीठाच्या रसेल अभिलेखागारात आहेत.

तिथे ती पोहोचली कशी, हे सांगण्यासारखे आहे. थोरांचे दफ्तर सहसा त्यांच्या मागे वारसांकडून ग्रंथालयाकडे जाते. रसेल यांनी आपले दफ्तर हयातीतच विकले. व्हिएतनाम युद्धातल्या अमेरिकी कृत्यांची चौकशी करणारे आंतरराष्ट्रीय न्यायासन त्यांनी १९६६ साली उभे केले होते. १९६३ साली स्थापन केलेले शांतता प्रतिष्ठानही चालवायचे होते. पैसा हवा होता आणि घरात विकण्याजोगे होते ते म्हणजे कागद. बॅरी फाइनबर्ग या दक्षिण आफ्रिकेतून परागंदा झालेल्या वर्णभेदविरोधी कार्यकर्त्याने त्यांची जाडजूड सूची तयार केली, ती १९६७ साली छापली. पुढच्या साली मॅकमास्टरचे ग्रंथपाल विल्यम रेडी यांनी सौदा पक्का केला. हे रेडी मोठे हिकमती गृहस्थ. त्याआधी अमेरिकेत मार्केट विद्यापीठात असताना त्यांनी टॉल्किन यांच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे हस्तलिखितही असेच पटकावले होते. सूचीच्या कामात मदत करणारे तरुण केनेथ ब्लॅकवेल कागदांबरोबर कॅनडाला गेले आणि पुढची कित्येक दशके या संग्रहाचे अभिलेखपाल राहिले. म्हणजे रसेल गेले तेव्हा त्यांच्या पत्रांसाठी फडताळे आधीच तयार होती. मृत्यूनंतर १९७२च्या सुमारास संग्रहाचा दुसरा मोठा हप्ता तिथे गेला.

आपल्याकडे मयताचे पत्र घरात ठेवत नसत. पोस्टकार्डाचा मजकूर वाचला, की ते फाडून टाकायचे. त्यामुळे एखाद्याच्या मृत्यूनंतर त्याच्या घरी काय काय लिहून आले, याचा मागमूस सहसा उरत नाही. पेशवाईत दुखवट्याची वस्त्रे पाठवीत, त्यांचे उल्लेख दफ्तरात सापडतात. पण ते मानपानाचे व्यवहार, त्यांत दुःखाचा अंदाज येत नाही. पाश्चात्त्य संग्रहांत मात्र ही पत्रे जपली जातात, आणि खरे सांगायचे तर चरित्रकार ती बहुधा भराभर उलटतात. मेलेल्या माणसाविषयीचा पुरावा म्हणून दुखवट्याचे पत्र कुचकामाचे. त्यात कोणी खोटे बोलत नाही, पण खरेही अर्धेच बोलतो. तक्रार असेल तर ती महिनाभर बाजूला ठेवण्याचा संकेत सगळीकडे सारखाच.

त्याची किंमत दुसरीकडे आहे. पत्र कुठून आले, कोणत्या कागदावर, सरकारी शिक्क्याचे की वहीतून फाडलेल्या पानाचे, लिहिणारा स्वतःची ओळख करून देतो की गृहीत धरतो, यावरून मृताचा गोतावळा कळतो. आणि रसेल यांच्या बाबतीत हा गोतावळा बनलाच होता मुळी पत्रांतून. त्यांच्या आत्मचरित्राचे तीन खंड (१९६७ ते १९६९) चाळले तरी हे ध्यानात येते. जवळजवळ प्रत्येक प्रकरण संपले, की मागे त्या काळातल्या पत्रांचा गठ्ठा जोडलेला. फाइनबर्ग आणि रॉनी कॅसरिल्स यांनी १९६९ साली सामान्य लोकांशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहाराचे एक अख्खे पुस्तक काढले. देव आहे का, लग्न करू का, बॉम्ब पडेल का, असले प्रश्न विचारणाऱ्या अनोळखी माणसालाही हा लॉर्ड उत्तर देई, कधी दोन ओळींचे, कधी तिखट. सांत्वनाचे पत्र लिहायला बसलेल्या पुष्कळांनी रसेल यांना डोळ्यांनी कधी पाहिले नसणार. पाहिले होते ते त्यांचे अक्षर, किंवा निदान सही.

या संग्रहातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी हकीकत एका उशिरा मिळालेल्या पत्राची आहे. १९५५ साली अणुयुद्धाविरुद्धच्या जाहीरनाम्यावर रसेल यांना आइन्स्टाइन यांची सही हवी होती. फेब्रुवारीपासून पत्रे चालू होती, एप्रिलमध्ये मसुदा गेला. १८ एप्रिलला आइन्स्टाइन वारले. रसेल तेव्हा रोमहून पॅरिसला विमानाने चालले होते, बातमी वैमानिकाने सांगितली. जाहीरनामा आता बुडाला असे समजून ते पॅरिसच्या हॉटेलात उतरले, तर तिथे त्यांची वाट पाहत असलेल्या टपालात आइन्स्टाइन यांचे सहीचे पत्र होते, ११ एप्रिलला लिहिलेले. ९ जुलै १९५५ रोजी लंडनमध्ये जाहीरनामा प्रसिद्ध झाला. त्यातून निघालेली शास्त्रज्ञांची पहिली परिषद भारतात भरवायचे ठरत होते, नेहरूंचा पाठिंबा होता. सुएझच्या पेचामुळे ते फिसकटले आणि १९५७ साली ती कॅनडातल्या पगवॉश या खेड्यात भरली. नाहीतर ‘पगवॉश’ ऐवजी एखाद्या भारतीय गावाचे नाव जगभर झाले असते.

रसेल यांच्या बाबतीतही पुढे तेच घडले. मध्यपूर्वेवरचे त्यांचे शेवटचे निवेदन ३१ जानेवारी १९७०चे. ते कैरोत संसदसदस्यांच्या परिषदेत वाचले गेले ३ फेब्रुवारीला, ते गेल्याच्या दुसऱ्या दिवशी.

पण मृत्यूनंतर आलेला आणखी एक कागद इतका सरळ नव्हता. १९६०पासून राल्फ शोनमन हा अमेरिकी तरुण रसेल यांचा चिटणीस होता. उत्साही, धडाडीचा आणि लोकांच्या मते अति धडाडीचा. रसेल यांच्या नावाने जाणाऱ्या पत्रांतले किती त्यांचे आणि किती शोनमनचे, अशी कुजबुज सुरू झाली. डिसेंबर १९६९मध्ये रसेल यांनी एक खासगी टिपण लिहवून त्याच्यापासून फारकत घेतली. ते छापले गेले त्यांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी. त्यामुळे १९६०च्या दशकातला या संग्रहातला कागद हाती घेताना अभ्यासक आधी सही पाहत नाही. मसुद्यावर दुरुस्त्या कोणाच्या हाताच्या, शब्दांची ठेवण कुणाची, श्रुतलेखन एडिथ यांनी घेतले आहे का, हे तपासतो. कार्बन प्रत असल्याचा फायदा इथे होतो, मूळ पत्र पाहून हे उमगत नाही. आता सांत्वन करणाऱ्याकडे वळा. त्याला आलेले, त्याने चौकटीत लावून ठेवलेले पत्र रसेल यांनी लिहिलेच नसेल, तर त्याचा शोक कोणासाठी? मला स्वतःला वाटते, प्रश्न चमत्कारिक असला तरी उत्तर सोपे आहे: सही करणाऱ्याने जबाबदारी घेतली होती.

१९६२, म्हणजे त्यांनी स्वतःच्या मरणासाठी नेमलेले साल, तर सगळे टपालातच गेले. त्या जूनमध्ये दिल्लीहून सतीश कुमार आणि ई. पी. मेनन हे दोन तरुण पायी निघाले, मॉस्को, पॅरिस, लंडन, वॉशिंग्टनला, अण्वस्त्रांविरुद्ध. आदल्या वर्षी ८९ वर्षांचा म्हातारा सत्याग्रह करून तुरुंगात गेल्याचे वाचून त्यांना हे सुचले होते. आशीर्वाद मागायला ते विनोबांकडे गेले, तर विनोबांनी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या: खिशात पैसे ठेवू नका आणि शाकाहार सोडू नका. त्यांनी ते पाळले आणि पुढे इंग्लंडात रसेल यांना भेटले. ऑक्टोबरमध्ये क्युबाचा पेच आला. रसेल यांनी केनेडी आणि ख्रुश्चेव दोघांना तारा केल्या. ख्रुश्चेव यांनी जाहीर पत्राने उत्तर दिले, केनेडी यांनी आधी चोरांकडे पाहा, असे सुनावले. नेमक्या त्याच दिवसांत चीनने भारतावर हल्ला केला आणि वेल्समधून नेहरू आणि चाऊ एन लाय यांनाही पत्रे जाऊ लागली. दोन्ही प्रकरणांचा पत्रव्यवहार त्यांनी १९६३च्या ‘अनार्म्ड व्हिक्टरी’ या पुस्तकात छापला. भारतीय वाचकाला ते आजही टोचते. चीनच्या एकतर्फी युद्धबंदीचे कौतुक आणि दिल्लीतल्या युद्धज्वराबद्दल नाराजी, हे भारताच्या स्वातंत्र्यासाठी इंडिया लीगमध्ये काम केलेल्या माणसाकडून ऐकणे अवघडच. तरी नेहरूंनी संवाद तोडला नाही.

खासगी पत्रांचा साठा वेगळ्या चवीचा. पहिल्या महायुद्धाला विरोध केल्याबद्दल १९१८ साली रसेल ब्रिक्स्टन तुरुंगात होते. आठवड्याला एक पत्र लिहायची मुभा, तेही अधिकारी वाचणार. त्यावर त्यांनी तोड काढली. न कापलेल्या पानांच्या पुस्तकांत चिठ्ठ्या सरकवून बाहेर धाडल्या, आणि अभिनेत्री कॉन्स्टन्स मॅलेसन हिला लिहिलेली प्रेमपत्रे फ्रेंच राज्यक्रांतीतल्या ऐतिहासिक पत्रांच्या नकला म्हणून खपवली. या तुरुंगपत्रांची, शंभराहून अधिक, सटीप आवृत्ती मॅकमास्टरने सर्वांसाठी खुली केली आहे. लेडी ऑटोलिन मॉरेल यांना गेलेली हजाराहून जास्त पत्रे मात्र टेक्सासमध्ये आहेत. ‘प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका’ ज्यांच्यासह लिहिले त्या व्हाइटहेड यांची तऱ्हा अगदी उलटी. ते पत्रांना उत्तरच देत नसत, उत्तरे देत बसलो तर स्वतःचे काम कधी करू, असे म्हणत. १९४७ साली ते गेल्यावर त्यांच्या इच्छेनुसार पत्नीने त्यांचे कागदपत्र नष्ट केले. एकाच ग्रंथाच्या दोन लेखकांपैकी एकाच्या आयुष्याचा रोजचा हिशेब लागतो आणि दुसऱ्याचा जवळजवळ लागत नाही.

दुःखाच्या बाबतीत रसेल स्वतः कागदावर विसंबले नाहीत, हे इथे सांगायला हवे. १९०५च्या जुलैमध्ये त्यांचा मित्र थिओडोर ल्युलिन डेव्हिस नदीत बुडून गेला. भाऊ क्रॉम्प्टन कोलमडला. रसेल त्याच्याजवळ कित्येक आठवडे राहिले. क्रॉम्प्टनची त्या काळातली पत्रे आत्मचरित्रात छापली आहेत आणि ती वाचवत नाहीत. त्याच उन्हाळ्यात रसेल यांनी ‘ऑन डिनोटिंग’ हा निबंध लिहिला. जे अस्तित्वातच नाही त्याविषयी आपण अर्थपूर्ण बोलतो कसे, हा त्यातला एक प्रश्न. या दोन गोष्टींची सांधेजोड करण्याचा मोह मी टाळतो. तारखा शेजारी आहेत, एवढेच.

आज या संग्रहाची संगणकीय सूची लाखाच्या पुढे गेली आहे. २०१८ साली त्याला हॅमिल्टनमध्येच स्वतंत्र इमारत मिळाली. सूचीत केवळ तिथले कागद नाहीत, जगभर इतरत्र असलेल्या पत्रांच्याही नोंदी आहेत. याला कारण पत्राचा स्वभाव. कागद ज्याला आला त्याचा, मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा. म्हणून मॅकमास्टरकडे रसेल यांना आलेली पत्रे आणि त्यांच्या उत्तरांच्या कार्बन प्रती आहेत, सहीची मूळ उत्तरे ज्याच्या त्याच्या घरी गेली. महाराष्ट्रात रसेल यांचे वाचक कमी नव्हते. नागपूरचे दि. य. देशपांडे यांच्यासारख्या विवेकवाद्यांनी तर त्यांना मराठीत मुरवले. अशा कुणाच्या घरी, आजोबांच्या ट्रंकेत, प्लास पेन्रिनचा पत्ता असलेला कागद निघालाच, तर त्याच्या डोक्यावरची तारीख आधी वाचावी. तेवढ्यावरून हॅमिल्टनमध्ये त्याची कार्बन प्रत शोधता येते, आणि आजोबांनी विचारले काय होते तेही.