धुराडं साफ झालं, पण वैल तापतो का?

घरात गॅस आला तरी आंघोळीचं पाणी, भाकरी आणि जनावरांचं आंबोण अजून बऱ्याच जणींच्या चुलीवरच होतं. ज्यांच्याकडे धुराड्याची निर्धूर चूल आहे, तिथे आमच्या गटातल्या दोघीजणी धुराडं साफ करून देतात. प्रशिक्षणात शिकलो त्याहून जास्त आम्ही गिऱ्हाईक बायांकडून शिकलो.

काम झाल्या झाल्या विचारलं, तर सगळ्या "छान झालं बाई" म्हणतात. तोंडावर वाईट कोण बोलणार! म्हणून आम्ही आठ दिवसांनी जातो, आणि चुलीपुढे जी बसते तिलाच विचारतो. चांगलं म्हणतात सासूबाई, डोळे चुरचुरतात सुनेचे. "काम आवडलं का?" हा प्रश्नही कामाचा नाही. वैलावर पाणी उकळतं का, भाकरी करताना धूर तोंडावर येतो का, हे विचारलं की खरं कळतं.

एकीने सांगितलं, पाइप साफ आहे, तरी वैल गार. वरून घासलेली काजळी पाइपाच्या बुडाशी साठते आणि धुराची वाट अडवते. आता दोरीला काथ्याचा बोळा बांधून वरून दोन-तीनदा फिरवला की बुडाची काजळी आणि राख शेवटी काढतोच. दुसरीची तक्रार भांड्यांवर उडणाऱ्या काजळीची. त्यासाठी चूल आदल्या रात्रीच विझवायला सांगतो आणि तिच्या तोंडांवर ओलं गोणपाट टाकतो.

एका आजींनी विचारलं, "जुना सिमेंटचा पाइप खरवडला तर पोरांना बाधेल का?" प्रश्न मोलाचा होता. जुन्या सिमेंट पाइपात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. त्याचे बारीक तंतू श्वासातून फुप्फुसात जातात. असा पाइप लोखंडाने कोरडा खरवडायचा नाही. तडा गेला असेल तर पत्र्याचा बसवून घ्यावा, असं आम्ही स्पष्ट सांगतो, मग आमचं काम गेलं तरी चालेल.

काही घरी महिन्याभरातच धुराडं तुंबतं. तिथे आधी फाटी बघा. ओल्या लाकडाची काजळी डांबरासारखी चिकटते, ती बोळ्याने निघत नाही. अशा घरी साफसफाईपेक्षा लाकूड वाळवायला जागा शोधलेली बरी.

निघण्याआधी चुलीत कागद पेटवून बघतो. धूर टोपीतून बाहेर पडला, की मगच पैसे.